झोंबीचा ओनामा

चाळिशी उलटली की माणूस काय वाटेल ते शिकू लागतो. माझ्या ओळखीचे गणिताचे एक प्राध्यापक या वयात बासरी शिकू लागले आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी बिऱ्हाड बदलले. दुसरे एक पोहायला शिकले. ते अजूनही पाण्यापेक्षा काठावरच अधिक दिसतात. मी यंदाच्या पावसाळ्यात लढाई शिकलो. दचकू नका, वाचकहो! तलवार, दांडपट्टा असले काही नव्हे. आमच्या कन्येच्या संगणकावर, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, साडेनऊ ते अकरा या वेळात, पिसाळलेल्या माणसांच्या झुंडीशी कसे लढावे याचा ओनामा मी गिरवला. बावीस वर्षे वर्गात उभे राहून शिकवल्यानंतर आपण स्वतः किती मठ्ठ विद्यार्थी आहोत, हे मला या निमित्ताने प्रथमच कळले.

खेळाचे नाव 'लेफ्ट फोर डेड'. मेला असे समजून मागे टाकून दिलेला, असा त्या इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ. मात्र मधल्या 'फोर'च्या जागी चारचा आकडा लिहितात, कारण खेळणारे गडी चार. इंग्रजांच्या भाषेतला हा श्लेष आमच्या पंडित कवींनाही आवडला असता. खेळाचा पहिला भाग नोव्हेंबर २००८ मध्ये निघाला, दुसरा नोव्हेंबर २००९ मध्ये. आम्ही खेळतो तो दुसरा. म्हणजे माझी कन्या तेव्हा पाळण्यात होती. आता ती अठरा पूर्ण करून कॉलेजात जाते आणि बापाला बंदूक धरायला शिकवते.

कथानक फार नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे एक साथ पसरली आहे. तिची लागण झालेली माणसे पिसाळून दिसेल त्याच्यावर धावून जातात. न बाधलेली चार माणसे जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात अडकली आहेत. तेथून जत्रेचे ओसाड मैदान, दलदल आणि पावसाने बुडालेले गाव ओलांडून त्यांना लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सपर्यंत पोहोचायचे आहे. चौघांत एक पांढऱ्या सुटातला जुगारी, एक दूरचित्रवाणीवर बातम्यांचे काम करणारी तरुणी, एक मोटारी दुरुस्त करणारा पोरगा आणि एक शाळेतला फुटबॉलचा मास्तर आहे. मास्तराचे वय चाळिशीच्या पुढे, पोट सुटलेले, गुडघा कधीकाळी दुखावलेला. कोण कोणाचे सोंग घेणार हे ठरवताना माझ्याबद्दल घरात फारशी चर्चा झाली नाही.

"बाबा, हे झॉम्बी आहेत," कन्येने पहिल्याच रात्री सांगितले.

मराठी शिकवणाऱ्याला हा शब्द परका कसा वाटावा? झोंबणे म्हणजे अंगाला भिडणे. आनंद यादवांची 'झोंबी' मी कित्येक वर्षे वर्गात शिकवली आहे. या दोन शब्दांचे गोत्र एक नव्हे. इंग्रजीतला झॉम्बी आफ्रिकेतून हैतीमार्गे आलेला आहे आणि आपली झोंबी घरची आहे. परंतु पुढच्या दोनच मिनिटांत तीस-चाळीस माणसे चारी बाजूंनी अंगाला झोंबली, तेव्हा व्युत्पत्तीचा विचार मी बाजूला ठेवला.

पहिली रात्र चालायला शिकण्यातच गेली. डाव्या हाताची बोटे कीबोर्डवरच्या चार अक्षरांवर. त्यांनी पाय हलतात. उजव्या हातात माऊस. त्याने मान वळते. पाय आणि मान यांचा मेळ आपण वर्षाच्या आतच घातलेला असतो, पण तो पुन्हा नव्याने घालायचा म्हणजे काय, हे मी अनुभवले. मी बराच वेळ छताकडे पाहत चाललो. मग जमिनीकडे पाहत चाललो. शेवटी समोर पाहिले तेव्हा भिंत होती.

आता लढाईचे धडे. माझी समजूत अशी की, लढाई म्हणजे गोळी. शत्रू दिसला की मी माऊसचे डावे बटण दाबून धरी, बंदूक रिकामी होई, ती पुन्हा भरेपर्यंत झुंड येऊन भिडे आणि मी कोसळे. असे तीनदा झाल्यावर कन्या म्हणाली, "बाबा, गोळी नंतर. आधी उजवे बटण."

उजवे बटण म्हणजे धक्का. बंदुकीच्या दस्त्याने समोरच्याला मागे लोटायचे. एका धक्क्यात समोर अर्धवर्तुळात आलेले सगळे झेलपाटून मागे सरतात. त्याने सहसा कोणी मरत नाही, पण श्वास घ्यायला जागा होते आणि त्या जागेत गोळी चालवता येते. पण धक्काही मोजून द्यायचा. लागोपाठ देत सुटले की हात थकतो आणि पुढचा धक्का लवकर उचलत नाही. म्हणजे धक्का, गोळी, गोळी, पुन्हा धक्का, असा ताल धरावा लागतो. मला तो ताल लेझमीच्या हिशेबाने जमला. कन्येला लेझीम येत नाही. तिला तो कसा जमला, कोण जाणे.

दुसरा धडा जागेचा. मोकळ्यावर उभा राहिलेला शूर मरतो, कारण झुंड पाठीमागूनही येते. भिंतीला पाठ लावावी, दाराची चौकट अडवावी, म्हणजे शेकडो आले तरी समोर एका वेळी चार-पाचच येतात. घोडखिंडीची हकिगत ज्याने शाळेपासून ऐकली, त्याला हे शिकवावे लागू नये. पण मला शिकवावे लागले. वर्गात खिंड सांगणे वेगळे आणि स्वतः खिंडीत उभे राहणे वेगळे.

त्यातही एक मेख आहे. पहिल्या भागात खेळणारे लोक असाच कोपरा धरून बसू लागले. तेव्हा दुसऱ्या भागात कर्त्यांनी त्यावर तोड म्हणून तीन नवे विशेष शत्रू आणले. स्पिटर लांबून तेजाब थुंकते आणि कोपऱ्यातल्या चौघांच्या पायांखाली डबके पसरते. चार्जर मुसंडी मारून एकाला उचलून नेतो. जॉकी पाठीवर बसून माणसाला हवे तिकडे हाकतो. म्हणजे कोपरा धरायचाही आणि वेळ येताच सोडायचाही. कोपरा धरावा हे कोणीही शिकवील. केव्हा सोडावा हे सांगणारा गुरू दुर्मिळ.

तिसरा धडा वाकण्याचा. अरुंद वाटेत पुढच्या गड्याने खाली बसावे, म्हणजे मागचे त्याच्या डोक्यावरून गोळ्या झाडू शकतात. बसलेल्याचा स्वतःचा नेमही सुधारतो. मी मात्र पुढे उभा राही आणि मागच्यांच्या सगळ्या गोळ्या माझ्या पाठीत येत. आमच्या कॉलेजच्या सभांतही पुढच्या रांगेतला माणूस खाली बसत नाही, त्यामुळे ही सवय मला नव्हतीच.

चौथा धडा कानांचा. येथे डोळ्यांआधी कान कामाला येतात. स्मोकर खोकतो, तो छपरावरून लांब जीभ टाकून माणसाला ओढून नेतो. हंटर गुरगुरतो आणि अंधारातून छातीवर झेप घेतो. जॉकी खिदळतो. बूमर नावाचा फुगलेला इसम ढेकरा देत येतो. त्याला जवळून गोळी घातली तर तो फुटतो, त्याची घाण अंगावर उडून डोळ्यांपुढे काही दिसेनासे होते आणि तिच्या वासाने सगळी झुंड धावून येते. त्याला आधी धक्क्याने दूर लोटायचे आणि मग गोळी घालायची. हे आवाज ओळखण्यात मात्र मी लवकर तयार झालो. मागच्या बाकावरचा खोकला खरा की खोटा, हे ओळखण्यात बावीस वर्षे घालवली आहेत.

पहिले तीन दिवस आम्ही तिघे होतो. मी, कन्या आणि पुण्याच्या वसतिगृहातून खेळणारा माझा पुतण्या. चौथा गडी यंत्र स्वतःच चालवीत असे. माणसे कमी पडली तर तशी सोय आहे. यंत्राचा गडी सालस होता. मी पडलो की तो न चुकता मला उचलायला येई. मी त्याला कितीही गोळ्या घातल्या तरी तो येई. यंत्राला राग नसतो.

चौथ्या रात्री कानाला हेडफोन लावला तेव्हा कन्या सहज म्हणाली, "बाबा, आज चौथे मोठे काका आहेत."

हेडफोनमधून "हं" एवढाच आवाज आला. मी तो ओळखला.

दादा नाशिकला असतो. तीन वर्षे आम्ही बोललो नव्हतो. कारण सांगण्यासारखे नाही, म्हणजे घरोघरी असते तेच आहे. आई गेल्यावर गावचे घर विकावे असे त्याचे म्हणणे. विकू नये असे माझे. त्याच घराच्या पायरीवर बसून एका दुपारी आम्ही एकमेकांना जे बोलायचे ते सगळे बोलून घेतले. त्यानंतर निरोप मुलांमार्फत जात. तीच मुले आता आम्हा दोघांच्या हातांत बंदुका देऊन एका खोलीत उभी करीत होती. यंत्राचा गडी असताना यांना चौथा कशाला हवा होता, हे मी कन्येला विचारले नाही. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते.

चार माणसे एकत्र आली आणि पाचवा धडा सुरू झाला. तो असा की, आपली गोळी आपल्या माणसालाही लागते. सगळ्यांत सोप्या पायरीवर लागत नाही; पण जसजसे वर चढावे तसतशी अधिक लागते. अंधार, धूर, गोंधळ. मध्येच सोबती आडवा येतो आणि त्याचा जीव आपल्याच हातून कमी होतो. तो खेळातला माणूस ओरडून तक्रारही करतो. पहिल्या रात्री मी दादाला किती गोळ्या घातल्या ते मोजले नाही. त्यानेही मला घातल्या. आमच्यापैकी कोणीही "चुकून लागली" असे म्हटले नाही. पुतण्याच मध्ये मध्ये म्हणे, "असू दे हो, होतं असं गर्दीत."

यातून सुटण्याचा उपाय साधा आहे. बटण दाबण्याआधी आपली तीन माणसे कोठे आहेत ते पाहायचे. नेमबाजी नंतर. चांगला लढवय्या किती मारतो यापेक्षा आपली माणसे कोठे आहेत हे त्याला ठाऊक असते की नाही, यावर ओळखावा, असे कन्येचे मत. खेळात तशी सोयही आहे. भिंतीपलीकडे गेलेल्या सोबत्याचीसुद्धा आकृती रेषेने उजळलेली दिसते. त्यामुळे 'मला दिसले नाही' ही सबब येथे चालत नाही.

आणि मग या खेळाचा मुख्य कायदा. स्मोकर, हंटर, जॉकी किंवा चार्जर यांपैकी कोणी एकदा तुम्हाला धरले की तुम्हाला स्वतःची सुटका करून घेता येत नाही. सगळी बटणे दाबा, काही होत नाही. दुसऱ्या माणसानेच यावे लागते. हंटर, जॉकी, स्मोकर यांच्यापासून एका धक्क्यानेही सुटका होते. चार्जरला मात्र ठारच करावे लागते. तसेच पडण्याचे. प्रत्येकाचा जीव शंभर धरलेला असतो. चाळिसाच्या खाली गेला की माणूस लंगडू लागतो आणि संपला की कोसळतो. कोसळलेल्याला एक पिस्तूल तेवढे चालवता येते. उठता येत नाही. दुसऱ्याने येऊन पाच सेकंद हात द्यावा लागतो आणि ती पाच सेकंदे उचलणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. मलमपट्टी न होता तिसऱ्यांदा कोसळला तर तो गेलाच.

औषधे थोडी असतात. मलमपट्टीच्या पेटीने गेलेल्या जिवापैकी ऐंशी टक्के भरून येतो. गोळ्यांच्या बाटलीने पन्नास मिळतो, पण तो उसना. हळूहळू ओसरत जातो. दोन्ही वस्तू स्वतःला वापरता येतात किंवा दुसऱ्यालाही देता येतात. स्वतः लंगडत असताना आपली पेटी दुसऱ्यावर खर्च करणाऱ्याला हा खेळ गुण देत नाही. त्याच्या मागे माणसे मात्र उभी राहतात.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी लोखंडी दाराची एक खोली असते. आत औषधे, दारूगोळा आणि निवारा. आधी तेथून गेलेल्या लोकांनी भिंतींवर आपल्या माणसांसाठी निरोप लिहून ठेवलेले असतात. अमका कोठे गेला, कोणाची वाट पाहतो आहे, कोणाला माफ केले, कोणाला नाही. मला त्या भिंती वाचत उभे राहायला आवडते. पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही लढाईत पण वाचनच करता."

दादा आल्याच्या दुसऱ्या रात्रीची गोष्ट. खोली समोर दिसत होती. झुंड मागे होती. मुले पुढे पोहोचली. मी त्यांच्या मागोमाग धावत होतो, जीव वीसाच्या आसपास. दादा माझ्या मागे तीस पावलांवर कोसळला. खेळातला त्याचा माणूस मदतीला हाका मारू लागला. दादा स्वतः काही बोलला नाही. मी मागे वळून पाहिले. त्याची आकृती उजळलेली दिसत होती, तिच्याभोवती आठ-दहा जण वाकलेले. मी आत शिरलो आणि दार लावले.

उभे असलेले सगळे आत आले आणि दार लागले की टप्पा संपतो. बाहेर पडलेला गेला असे धरतात. खेळाचे नाव कशावरून पडले ते मला त्या क्षणी उमगले.

खेळ उदार आहे. पुढच्या टप्प्याच्या आरंभी दादा आमच्याबरोबरच खोलीत उभा होता, पन्नास जीव घेऊन. कोणी काही बोलेना. मग कन्या हळूच म्हणाली, "बाबा, काका बाहेर होते." आणि दादा म्हणाला, "असू दे."

तीन वर्षांपूर्वी गावच्या घराच्या पायरीवरून उठतानाही तो एवढेच म्हणाला होता.

मी त्या रात्री डोके दुखण्याचे निमित्त सांगून लवकर उठलो. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आल्यावर, कन्या घरी नसताना, मी एकटाच यंत्राच्या तीन गड्यांबरोबर खेळायला बसलो. मला एकच गोष्ट शिकायची होती. पडलेल्याला उचलतात कसे?

ती वाटते तितकी सोपी नाही. धावत जाऊन हात द्यायला बसलो तर पाच सेकंदांत झुंड आपल्यालाच लोळवते आणि एकाचे दोन होतात. आधी धक्के देऊन भोवतालची जागा मोकळी करायची. मग चारी बाजूंना पाहायचे. त्याला धरून ठेवणारा कोणी असेल तर त्याला आधी हटवायचे. जवळ पाइप बॉम्ब असेल तर तो दूर फेकायचा. तो वाजत राहतो आणि साधी झुंड त्या आवाजामागे धावते. मग हात द्यायचा. उचललेला माणूस तीस उसन्या जिवाने उठतो, म्हणून त्याच्याशी लगेच धावायची स्पर्धा करायची नाही. त्याच्या चालीने चालायचे. शंभर वेळा पाठ केले असते तरी हे पाठांतराने आले नसते, याचेही कारण आहे.

या खेळात एक अदृश्य दिग्दर्शक बसवलेला आहे. टर्टल रॉक नावाच्या ज्या संस्थेत पहिला भाग घडला, तेथील माइक बूथ यांच्या हाताखालचे लोक आधी दुसऱ्या एका बंदुकीच्या खेळासाठी यंत्राचे गडी घडवीत होते. थोड्या माणसांनी सुरेधारी यंत्रगड्यांच्या मोठ्या टोळीशी लढून पाहावे, त्यात काही और मजा आहे, हे त्यांना त्या प्रयोगांत दिसले आणि त्यातून हा खेळ निघाला. दिग्दर्शकाचे काम असे की, खेळणाऱ्यांवर किती ताण आला आहे याचा अंदाज सतत घ्यायचा. ताण शिगेला पोहोचला की झुंडी थांबवायच्या, अर्धा-पाऊण मिनिट उसंत द्यायची आणि मग पुन्हा चढत न्यायचे. शत्रू कोठून येईल, औषध कोठे सापडेल, हे प्रत्येक वेळी बदलते. काल जेथे शांतता होती तेथे आज हंटर बसलेला असतो. गाईड वाचून उत्तीर्ण होणाऱ्यांचे येथे काही चालायचे नाही. उसंत मात्र मिळतेच मिळते. ती कशात घालवायची, एवढाच प्रश्न उरतो. मी तोवर ती फक्त बंदूक भरण्यात घालवत होतो. मागे कोण राहिले ते पाहत नव्हतो.

एक धडा राहिला, न लढण्याचा. वाटेत कोठेतरी एका बाईचे रडणे ऐकू येते. ती विच. तिच्यावर उजेड टाकायचा नाही, गोळी झाडायची नाही, फार जवळ जायचे नाही. हातातला दिवा विझवून बाजूने निघून जायचे. डिवचली तर एका माणसाला ती हां हां म्हणता लोळवते. आमचे हे चांगले जमले होते. गावच्या घराचा विषय ही आमची विच होती. रोज रात्री दीड तास चौघेही दिवा विझवून तिच्या बाजूने जात होतो. मुलांनी तो विषय कधी काढला नाही. दादाने नाही. मीही नाही.

पहिल्या मोहिमेचा शेवट सवानातल्या एका मोठ्या बाजारसंकुलात होतो. तेथे शर्यतीची एक मोटार ठेवलेली आहे, पण टाकी रिकामी. वरच्या-खालच्या मजल्यांवर पेट्रोलचे डबे विखुरलेले. तेरा डबे आणून ओतले की मोटार निघते. डबा हातात असताना बंदूक चालवता येत नाही. झुंड सतत येत राहते. टँक नावाचा राक्षसही येतो. तो एका फटक्यात माणसाला पार उडवून देतो. त्याच्याशी लढायचे ते लांबून, विखरून आणि शक्य तर आगीने.

त्या रात्री आमचे अकरा डबे ओतून झाले होते. इतके पुढे आम्ही कधीच गेलो नव्हतो. बारावा माझ्या हातात होता आणि मोटार दहा पावलांवर. तेवढ्यात वरच्या मजल्यावर स्मोकरने दादाला धरले. त्याची आकृती कठड्यापलीकडे उजळली आणि थोड्याच वेळात खाली गेली.

"काका, डबा ओता! आधी डबा!" पुतण्या ओरडत होता. हिशेबाने त्याचे बरोबर होते.

मी डबा खाली टाकला आणि जिना चढलो. धक्का, गोळी, गोळी, धक्का. स्मोकर मारला. जागा मोकळी केली. चारी बाजूंना पाहिले. मग हात दिला. पाच सेकंदे म्हणजे केवढा वेळ, हे घड्याळ पाहून कळायचे नाही. दादा उठला. आणि तेवढ्यात संगीत बदलले, जमीन हादरू लागली. टँकने आम्हा दोघांना कठड्यावरून एकामागोमाग खाली फेकले. मुले पुढे अर्ध्या मिनिटात गेली. सगळा खेळ पहिल्यापासून.

"दोनच डबे राहिले होते हो," पुतण्या कळवळून म्हणाला.

मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही. आणि हेडफोनमधून दादाचा आवाज आला. "तू कशाला आलास रे वर? मोटार भरायची होती."

तीन वर्षांत त्याने मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले पुरे वाक्य. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला नेमक्या वेळी शब्द सापडत नाहीत. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी मी दार लावलं होतं, दादा."

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या नऊला बसायचं का?"

"साडेनऊला. आमची जेवणं व्हायची असतात."

"बरं."

एवढेच. आमचा भांडा मिटला असे वाचकांनी समजू नये. गावचे घर जागच्या जागी आहे, कागद कपाटात आहेत आणि विकावे की ठेवावे याबद्दल दोघांचीही मते होती तीच आहेत. ती विच केव्हातरी जागी होईल आणि तेव्हा तिला तोंड द्यावेच लागेल. फक्त त्या वेळी बटण दाबण्याआधी दुसरा कोठे उभा आहे ते दोघेही पाहू, एवढी आशा मला वाटू लागली आहे. कन्येला माझ्या प्रगतीबद्दल विचारले तर म्हणाली, "नेम अजून वाईटच आहे, बाबा. पण आता तुम्ही मागे बघता."

दुसऱ्या रात्री साडेनऊला आम्ही पुन्हा सवानाच्या त्या बाजारात उभे राहिलो. तेराच्या तेरा डबे बाकी. मी पहिला डबा उचलला आणि मोटारीकडे निघालो.

"मागं बघ," दादा म्हणाला.

मी डबा खाली टाकला, वळलो आणि उजवे बटण दाबले.